लेखक आणि बालवाचक यांची भेट कशी घडवावी

लेखकभेटीची खरी तयारी कार्यक्रमाच्या किमान ३ आठवडे आधी सुरू व्हायला हवी, कारण ज्या मुलांनी पुस्तक वाचलेलेच नसते त्यांच्यासाठी समोर बसलेला लेखक हा केवळ आणखी एक पाहुणा असतो. म्हणून आपल्याच परिसरातल्या लेखकाला निमंत्रण देताना त्याच्या पुस्तकाच्या ५-६ प्रती वाचनालयात आधीच ठेवाव्यात, रोज थोडे प्रकटवाचन करावे आणि मुलांना पडलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत चिठ्ठ्यांवर लिहून घ्यावेत. मोठ्यांनी ते सुधारण्याचा मोह कृपया टाळावा.

गट २५ ते ३० मुलांचा आणि शक्यतो एकाच वयोगटातला असावा. दिवस म्हणून २ एप्रिल, म्हणजे आंतरराष्ट्रीय बालपुस्तक दिन, उत्तम. परीक्षा आड येत असल्यास कोणताही सुटीचा दिवस चालेल.

प्रास्ताविक ५ मिनिटांत आटोपावे. लेखकाने थोडा वेळ वाचून दाखवावे आणि मग खाडाखोडीने भरलेला आपला पहिला खर्डा मुलांच्या हाती द्यावा. काट मारलेल्या ओळींवरून बोट फिरवताना, लिहिणाऱ्याच्याही चुका होतात हे त्यांना भाषणाशिवाय कळते. उरलेला सगळा वेळ चिठ्ठ्यांसाठी राखावा. मानधन आणि प्रवासखर्च यांचा उल्लेख मात्र निमंत्रणपत्रातच स्पष्टपणे करावा.