तुटपुंज्या पैशांतून घरचा ग्रंथसंग्रह: गोव्यातल्या घरासाठी तयारीची यादी

गोव्यात जून ते सप्टेंबर या काळात सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यामुळे येथे पुस्तके जमवू पाहणाऱ्याने पहिले पुस्तक विकत घेण्याआधी त्याची जागा निश्चित करावी. मी हे उलट क्रमाने केले होते. दोन वर्षे पैसे बाजूला टाकून घेतलेली पुस्तके चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या फळीवर मांडली आणि एका चतुर्थीच्या साफसफाईत त्यांतील निम्म्यांच्या पाठींवर बुरशी आढळली. ते दुःख अजून विसरलेलो नाही.

म्हणून घरातील आतली, हवा खेळती असलेली भिंत निवडावी, मांडणी भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे आणि सर्वांत खालची फळी जमिनीपासून किमान सहा इंच वर राहील असे पाहावे, म्हणजे भिंतीची ओल पुस्तकांना लागणार नाही आणि वाळवी चढू लागली तर तिची मातीची रेघ वेळीच दिसेल. भुसा दाबून केलेल्या स्वस्त पाट्या दमटपणाने फुगतात. त्यापेक्षा जुन्या सामानाच्या दुकानात मिळणारा लोखंडी रॅक बरा, मात्र गंज लागू नये म्हणून त्याला आधी रंग द्यावा. बंद कपाट असल्यास कोरड्या दिवशी दारे काही तास उघडी ठेवावीत. कडुनिंबाचा पाला ठेवण्याची पद्धत जुनी आहे, परंतु तो पूर्ण वाळलेला नसेल तर तोच ओल आणतो.

जागा तयार झाली की दरमहा किती रक्कम बाजूला काढता येईल ते ठरवावे. महिना ३०० रुपये म्हटले तर वर्षाचे ३६०० होतात, आणि पहिल्या वर्षी त्यांतील निदान तिसरा हिस्सा मांडणीवर जाईल, हे मनाशी धरून चालावे.

खरेदीची यादी ग्रंथालयात बसून करावी, असे माझे ठाम मत आहे. पणजीत पाटो येथे कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ साली स्थापन झालेल्या या संस्थेखेरीज तालुक्याच्या ठिकाणीही सरकारी ग्रंथालये आहेत. पुस्तक तेथून आणून वाचावे, आणि काही महिन्यांनी ते पुन्हा हाती घ्यावेसे वाटले तरच त्याचे नाव यादीत लिहावे. एकदाच वाचून संपणारी कादंबरी विकत घेण्याची गरज नसते. शब्दकोश, कवितासंग्रह, गोव्याच्या इतिहासावरील ग्रंथ आणि मुले पुन्हापुन्हा मागतात ती चित्रमय पुस्तके यांवरचा खर्च मात्र सार्थकी लागतो.

जे फुकट उपलब्ध आहे त्यावर पैसे घालवू नयेत. मराठी विश्वकोश इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक प्रकाशनेही तशीच उतरवून घेता येतात. शिवाय आपल्याकडे लेखकाच्या निधनाच्या पुढील वर्षापासून ६० वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले, त्यामुळे त्यांच्या लेखनावरील हक्क २०१० अखेर संपला. अशा लेखकांच्या पुस्तकांच्या आवृत्त्या अनेक प्रकाशक काढतात, तेव्हा किंमत, छपाई आणि बांधणी ताडून पाहावी. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी पुस्तके, विशेषतः मुलांसाठीची, कमी किमतीत मिळतात.

जुने पुस्तक घेताना घाई करू नये. पाठ सैल आहे का, पाने क्रमाने आहेत का, कसरीची बारीक भोके दिसतात का, कुबट वास येतो का, हे पाहून मगच दर ठरवावा. घरी आणल्यावर ते थेट मांडणीत न ठेवता दोन आठवडे वेगळ्या पेटीत ठेवून तपासावे. कडक उन्हात वाळत घालू नये, कारण कागद पिवळा पडतो आणि डिंक सुटतो. सावलीतला वारा पुरे.

एका वहीत पुस्तकाचे नाव, खरेदीची तारीख, किंमत आणि कोणाला वाचायला दिले ते लिहावे. या नोंदीअभावी पुस्तके परत येत नाहीत. दसऱ्याला सरस्वतीपूजनासाठी पुस्तके खाली काढतोच, तेव्हा सगळी फळी रिकामी करून कोरड्या मऊ कापडाने पुसावी, वहीशी ताळा घ्यावा, आणि वर्षभरात कोणीही न उघडलेली पुस्तके गावातील वाचनालयाला विचारून द्यावीत, म्हणजे पुढील वर्षाच्या यादीला जागा होईल.