ग्लो इंजिनाची आयडल स्थिर राहत नसेल तर आधी कार्ब्युरेटरचे ओ-रिंग तपासा

नायट्रो इंजिनाची (म्हणजेच ग्लो इंजिनाची, मॉडेल गाड्या-विमानांतल्या छोट्या इंजिनाची) आयडल, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावरची मंद गती, आपोआप चढत-उतरत असेल आणि कार्ब्युरेटरची इंधन कमी-जास्त करणारी सुई कितीही फिरवून सेटिंग टिकत नसेल, तर बहुतेकदा दोष सुईचा नसतो. झिजलेल्या ओ-रिंगमधून (सांधा हवाबंद ठेवणाऱ्या रबरी कड्यातून) हवा आत शिरत असते. मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, इंधन कमी), इंजिन तापतं.

खात्री करायला कार्ब्युरेटर काढा, हाय-स्पीड सुई (पूर्ण वेगाचं इंधन ठरवणारी) हलक्या हाताने पूर्ण बंद करा (किती फेरे झाले ते लिहून ठेवा, जोर लावलात तर सुईचं टोक आणि ते जिथे टेकतं ती सीट दोन्ही गेली). इंधनाच्या निपलला नळी लावून कार्ब पाण्यात बुडवा आणि फुंका. सुईच्या बुडाशी बुडबुडे आले की तिथली रिंग संपली. नंतर कार्ब नीट वाळवा.

नवी रिंग त्याच मॉडेलच्या किटमधलीच घ्या. हार्डवेअरच्या दुकानातली मापाने बसते, पण इंधनातल्या मिथेनॉलमध्ये फुगू शकते. बसवताना एरंडेलाचा एक थेंब लावा, नाहीतर सुईचे आटे रिंग कापतात.

कार्बच्या बुडाची मोठी रिंगही याच वेळी बदला. कार्ब इंजिनावर दाबून धरूनच पिंच बोल्ट (कार्बला जागेवर घट्ट धरणारा) आवळा. सुई लिहिलेल्या फेऱ्यांवर आणा, वर पाव फेरा जास्त उघडी ठेवून ट्यूनिंग सुरू करा.