वर्गात ग्रीक उत्सव मांडायचा तर

प्राचीन ग्रीक स्थापत्यावर वर्गात उत्सव करायचं ठरलं की सगळे लगेच खांबांच्या मागे लागतात. मी सहकाऱ्यांना आधी वर्गाचा मधला भाग मोकळा करायला लावते. ग्रीक मंदिर हे लोकांनी आत जमण्याचं ठिकाण नव्हतंच. आत देवतेची मूर्ती असायची. वेदी बाहेर, उघड्यावर, आणि उत्सवाची गर्दीही तिथेच. म्हणून मंदिराचा दर्शनी भाग एका भिंतीवर उभा करा, बाकं कडेला सारा आणि मधली जमीन मुलांना द्या.

नमुना म्हणून अथेन्सचं पार्थेनॉन, म्हणजे अथीना देवीचं मंदिर, घ्या. इक्टिनोस आणि कॅलिक्रेटिस या वास्तुविशारदांचं हे काम, इ.स.पू. ४४७ ते ४३२ मधलं. त्याच्या दर्शनी भागाची रुंदी आणि छपराच्या त्रिकोणाखालपर्यंतची उंची यांचं प्रमाण ९:४ आहे. साडेचार मीटर भिंत मिळाली तर उंची येते दोन मीटर, वर त्रिकोण मधोमध साधारण अर्धा मीटर. ट्यूबलाइट आड येत नाही ना, तेवढं आधी पाहून घ्या. पुढच्या तीन पायऱ्या जमिनीवर चिकटपट्टीने आखल्या तरी पुरे.

समोर खांब आठ. मूळ खांब सुमारे १०.४ मीटर उंच, तळाशी १.९ मीटर जाड आणि वर जवळपास दीड मीटर. हे आकडे फळ्यावर लिहा आणि आपल्या भिंतीचं माप मुलांनाच काढू द्या. आपल्या खांबाची उंची दीड मीटर धरली तर उत्तर येईल: तळाची जाडी २७ सेंटिमीटर, वरची २१.

भिंतीला अर्धाच खांब लावायचा आहे. म्हणून कार्डशीट जोडून दीड मीटर लांब पट्टा कापा, खाली ४२ आणि वर ३३ सेंटिमीटर रुंद. पार्थेनॉनचे खांब डोरिक या ग्रीक शैलीचे. डोरिक खांबाला २० पन्हळी, म्हणजे उभ्या खाचा, असतात, आपल्याला दिसणार १०. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना दहा-दहा सारखे भाग पाडून खुणा जोडा आणि शाई संपलेल्या बॉलपेनने पट्टी धरून रेघा दाबून ओढा. मग रेघेवर घडी घाला. धार बाहेर यायला हवी. पन्हळींची संख्या तीच राहते, पण वर जाताना प्रत्येक पन्हळ अरुंद होते, हे मुलांना घडी घालतानाच कळतं. खांब थेट जमिनीवर टेकवा. डोरिक खांबाला बैठक नसते, आणि कुणी हौसेने चिकटवलीच तर मी काढायला लावते.

खांबांच्या वरच्या पट्टीत, तीन उभ्या पट्ट्यांच्या ठोकळ्यांमध्ये, चौकोनी शिल्पं येतात. समोरच्या बाजूला बरोबर १४. वर्गाचे १४ गट करा आणि प्रत्येकाला १८ सेंटिमीटरचा एक चौकोन द्या. मूळ पार्थेनॉनच्या पूर्वेकडच्या चौकोनांत देव आणि राक्षसांची झुंज होती, म्हणजे मुलांना विषय सुचवायला नकोच. रंग मात्र भरपूर वापरायला सांगा, विशेषतः निळा आणि तांबडा. ग्रीक मंदिरं रंगवलेली असत. पांढरंशुभ्र मंदिर हा आपला समज.

आता खरा उत्सव, म्हणजे मिरवणूक. अथेन्समध्ये अथीनासाठी पॅनअथेनेया हा उत्सव दरवर्षी होई, दर चौथ्या वर्षी जास्त थाटात, आणि देवीला विणलेलं वस्त्र अर्पण करत. पार्थेनॉनच्या बाहेरच्या खांबांआड, आतल्या दालनाच्या भिंतींवर बाहेरच्या बाजूने सुमारे १६० मीटर लांब शिल्पपट्टा होता. त्यातली मिरवणूक याच उत्सवाची, असं बहुतेक अभ्यासक मानतात. घोडेस्वार, घागरी घेतलेले तरुण, वादक, बळीची जनावरं. ती नैर्ऋत्य कोपऱ्यातून दोन दिशांना फुटते आणि पूर्वेला पुन्हा एकत्र येते. आपणही तसंच करायचं: मागच्या एका कोपऱ्यातून मुलांच्या दोन रांगा निघतील, एक मागच्या भिंतीवरून वळून आणि दुसरी सरळ, आणि मंदिरासमोर भेटतील. एका रांगेकडे कापड, दुसरीकडे वाद्यं. लांब वाटेची रांग आधी सोडा, नाहीतर दुसरी ताटकळत उभी राहते.

त्यानंतर सगळे अर्धवर्तुळात बसतील, ग्रीसमधल्या एपिडॉरसच्या प्राचीन नाट्यगृहासारखे, आणि प्रत्येक गट आपल्या चौकोनाची गोष्ट सांगेल. दोन-दोन मिनिटं पुष्कळ झाली. बक्षीस द्यायचंच असेल तर कागदी कुंभ करा. पॅनअथेनेयाच्या शर्यतींत विजेत्यांना ऑलिव्हच्या तेलाने भरलेले रंगवलेले कुंभ मिळत.

आवरताना चौकोन आधी उतरवा, मग खांब. चिकटपट्टी खालून वर ओढली तर कार्डशीट फाटत नाही.