व्हीलचेअरसह मुंबईबाहेर: गाडी, खोली आणि विमा कसा ठरवायचा

घरात व्हीलचेअर वापरणारं कुणी असेल, तर सुट्टीचा बेत उलट्या टोकाकडून आखावा लागतो. एरवी आपण ठिकाण ठरवतो, मग हॉटेल बघतो आणि शेवटच्या आठवड्यात गाडीवाल्याला फोन करतो. इथे गाडी सगळ्यात आधी. रॅम्प असलेल्या भाड्याच्या गाड्या मुंबई-ठाणे-नवी मुंबई मिळून मोजक्याच आहेत. मे महिना, दिवाळी आणि गणपतीच्या दिवसांत त्या मिळणं कठीण, म्हणून दीड-दोन महिने आधी फोन सुरू करा. तारीख एक-दोन दिवस मागेपुढे करायची तयारी ठेवा. गाडी पक्की झाली की खोली, मग रेल्वे-विमानाची तिकिटं. आणि पहिला पैसा भरला की लगेच विमा.

फोन करण्याआधी टेप घ्या

सहल फसते ती बहुतेक वेळा दोन-तीन इंचांसाठी. त्यामुळे आधी घरीच मापं घेऊन एका कागदावर लिहा. खुर्चीची उघडी रुंदी चाकांच्या बाहेरच्या कड्यांपासून मोजा, सीटची नव्हे. १८ इंची सीटची साधी घडीची खुर्ची बाहेरून २४ ते २६ इंच भरते. घडी घातल्यावर ती १० ते १२ इंच जाड होते. लांबी आणि उंचीही पायफळ्या काढून मोजा, कारण डिकीत खुर्ची आडवी जाणार की उभी हे त्यावरच ठरतं. गादीसकट सीट जमिनीपासून किती उंच आहे तेही लिहा, साधारण १९ ते २१ इंच निघेल. माणूस बसलेला असताना जमिनीपासून डोक्यापर्यंतची उंची हे माप बहुतेक जण विसरतात, आणि रॅम्पच्या गाडीसाठी तेच सर्वांत महत्त्वाचं. शेवटी खुर्चीचं वजन. लोखंडी खुर्ची १५ ते २० किलो भरते, बॅटरीवरची कितीतरी जास्त.

आता ज्यांना प्रवास करायचा आहे त्यांनाच विचारा: खुर्चीतून गाडीच्या सीटवर सरकता येतं का? आधाराने येतं, उचलावं लागतं, की उचलणंही शक्य नाही? दिवसातून किती वेळा हे चालेल? ताम्हिणी किंवा आंबा घाटातून जाताना चार वेळा चढ-उतार करून दमलेल्या माणसाला मुक्कामी पोचल्यावर समुद्र बघायचंही त्राण उरत नाही. हे उत्तर आजी-आजोबांच्या वतीने मुलाने देऊ नये.

सरकून बसता येत असेल तर

मग साधी गाडी चालते, पण कुठलीही नाही. खुर्चीची आणि गाडीची सीट यांच्या उंचीत तीन-चार इंचांहून जास्त फरक असेल तर सरकणं अवघड होतं. सेडानमध्ये बसणं सोपं, पण उठताना खालून वर यावं लागतं. मोठ्या एसयूव्हीत आणि इनोव्हासारख्या गाडीत उलट, चढणंच कठीण. वॅगनआरसारखी उंच छताची छोटी गाडी किंवा अर्टिगा बऱ्याच जणांना सोयीची पडते. पुढची डावी सीट पूर्ण मागे सरकवून तिथेच बसवा, कारण तिथे पाय फिरवायला जास्त जागा मिळते. खुर्चीतून सीटवर सरकायची गुळगुळीत फळी (ट्रान्सफर बोर्ड) सोबत असेल तर कमरेवर आणि उचलणाऱ्याच्या पाठीवर ताण येत नाही.

खरी अडचण डिकीत आहे. मुंबईतल्या बहुतेक टुरिस्ट टॅक्सी सीएनजीवर चालतात आणि टाकी डिकीत असते. वॅगनआर किंवा डिझायरमध्ये टाकीनंतर उरलेल्या जागेत घडी घातलेली खुर्ची मावत नाही. अर्टिगात तिसरी रांग पाडावी लागते, म्हणजे सातच्या गाडीत माणसं पाचच, त्यातही ड्रायव्हर धरून. गाडीवाला ‘वर कॅरिअर आहे, बांधू’ म्हणेल. पावसाळ्यात आणि लांबच्या प्रवासात हे मान्य करू नका. बेअरिंगमध्ये पाणी जातं, सीटचं कापड भिजतं, आणि दर थांब्याला खुर्ची उतरवायचा कंटाळा येऊन प्रवाशाला गाडीतच बसवून ठेवलं जातं. ‘सीएनजी आहे का, डिकीचा फोटो पाठवा’ हा पहिला प्रश्न विचारा. डिझेलवरची इनोव्हा क्रिस्टा जागेसाठी उत्तम, मात्र तिला चढायला पक्की, न हलणारी पायरी लागेल.

खुर्चीसकट आत जायचं असेल तर

यासाठी मागून रॅम्प किंवा हायड्रॉलिक लिफ्ट असलेली व्हॅन लागते. इमारतींसाठी रॅम्पचा उतार १:१२ धरतात, म्हणजे १ फूट उंचीला १२ फूट लांबी. गाडीला एवढा लांब रॅम्प बसवता येत नाही, तो बराच खडा असतो. म्हणून मागे ढकलणारा दणकट माणूस हवा. चढताना तोंड गाडीकडे, उतरताना खुर्ची उलटी. समोर तोंड करून उतरवलेली खुर्ची पुढे कलंडते आणि पाय आधी जमिनीला लागतात.

गाडीवाल्याला हे विचाराच:

- मागच्या दाराची उघडी उंची आणि रुंदी किती? (डोक्याच्या मापापेक्षा निदान दोन इंच जास्त हवी.)
- खुर्ची जमिनीला बांधायचे पट्टे किती? चार हवेत, दोन पुढे आणि दोन मागे.
- बसलेल्या माणसासाठी खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा वेगळा सीटबेल्ट आहे का?
- रॅम्पवर खुर्ची आणि माणूस मिळून किती वजन चालतं?
- बदली गाडी आली तर तीही रॅम्पचीच असेल का?

चार पट्टे खुर्चीच्या मुख्य सांगाड्याला, वेल्डिंगच्या जोडांजवळ बांधायचे. चाकाला, हातफळीला किंवा पायफळीला बांधलेला पट्टा जोरात ब्रेक लागला की तो भागच उखडून काढतो. खुर्चीचा स्वतःचा कमरपट्टा माणूस घसरू नये यासाठी असतो, अपघातात तो उपयोगी नाही. खुर्चीचं तोंड गाडी धावते त्या दिशेनेच असावं, आडवं कधीच नाही. निघण्याआधी खुर्ची दोन्ही हातांनी हलवून बघा, ती जेमतेम हलली पाहिजे.

दर आणि कागद

बाहेरगावच्या भाड्यात दिवसाला कमीत कमी २५० किंवा ३०० किमी धरतात. मुंबई-गणपतीपुळे एका बाजूने साधारण ३५० किमी. तीन दिवसांची सहल म्हणजे प्रत्यक्षात ७५० किमीच्या आसपास, पण बिल ३ × ३०० म्हणजे ९०० किमीचं. दर किमीला ₹२० धरला तर ₹१८,०००. शिवाय ड्रायव्हरचा रोजचा आणि रात्रीचा भत्ता, टोल, पार्किंग. किमी ‘गॅरेज ते गॅरेज’ मोजतात, आणि रॅम्पच्या गाडीचं गॅरेज पनवेलला आणि घर बोरिवलीला असेल तर तेही अंतर तुमच्याच खिशातून जातं. त्यामुळे गॅरेज कुठे आहे ते विचारा आणि सगळे आकडे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या.

नंबरप्लेट नीट बघा. भाड्याच्या टॅक्सीची पाटी पिवळी आणि अक्षरं काळी. स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी. पांढरी पाटी म्हणजे खाजगी गाडी. ओळखीतून स्वस्तात मिळालेली पांढऱ्या पाटीची गाडी पैसे देऊन नेलीत आणि अपघात झाला, तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. गोव्याला जायचं असेल तर ऑल इंडिया परमिटची तारीख तपासा.

स्वतः दिव्यांग असून गाडी चालवणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. लायसन्स अनुकूलित (म्हणजे गरजेप्रमाणे बदल केलेल्या) वाहनाचं असेल तर साधी सेल्फ-ड्राइव्ह गाडी चालवता येत नाही. भाड्याच्या गाडीला तात्पुरते हातानं चालवायचे कंट्रोल लावणं हाही मार्ग नाही. आरटीओत नोंद नसलेला बदल विम्याच्या आड येतो.

खोलीचा दरवाजा

‘व्हीलचेअर फ्रेंडली’ या शब्दांवर एक रुपयाही भरू नका. हॉटेलच्या प्रवेशाला रॅम्प असतो आणि बाथरूमचा दरवाजा २४ इंची निघतो, त्यातून २५ इंची खुर्ची जात नाही. बाथरूमच्या चौकटीवर टेप धरून काढलेला फोटो मागवा. उंबरा किती उंच, कमोडच्या एका बाजूला खुर्ची लावायला जागा आहे का, आडवी दांडी आहे का आणि भिंतीत पक्की आहे का, हे विचारा. कोकणातल्या घरगुती मुक्कामात ओटा, पायऱ्या आणि अंगणातली जांभ्याची फरशी धरूनच चाला. तिथे पाच-सहा फुटांचा घडीचा रॅम्प कामी येतो.

बाथरूमपुरती अरुंद खुर्ची, शॉवर चेअर किंवा घडीचं कमोड विकत घ्यायची गरज नाही. दादर, ठाणे, डोंबिवली अशा भागांत रुग्णोपयोगी साहित्य केंद्रं अनामत घेऊन नाममात्र भाड्याने देतात. आणताना ब्रेक आणि रबरी बुडं तपासून घ्या.

माथेरानला गाडी दस्तुरी नाक्यापुढे जात नाही. खुर्चीसाठी तो लाल मातीचा रस्ता फार त्रासाचा आहे, आम्ही सुचवणार नाही. वणीला सप्तशृंगी गडावर फ्युनिक्युलर (रुळांवरून चढणारी) ट्रॉली असल्याने दर्शनाचा मोठा चढ टळतो. अलिबागला जाताना भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोटीत गाडीच नेता येते, पेण-वडखळचा रस्ता वाचतो. मात्र खवळलेल्या समुद्रात फेरी रद्द होते, तेव्हा रस्त्याचा वेळ हिशेबात धरा.

रेल्वे आणि विमान

रेल्वेने जाताना गाडी जिथून सुटते तिथूनच चढा. दादर किंवा ठाणे घराजवळ असेल, पण तिथला थांबा काही मिनिटांचाच. सीएसएमटी आणि मुंबई सेंट्रल ही टोकाची स्थानकं. तिथे पूल न चढता फलाटावर जाता येतं आणि गाडी आधीपासून उभी असते. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशांना स्लीपर, थ्री एसी आणि एसी चेअर कारमध्ये ७५ टक्के, फर्स्ट एसी आणि टू एसीत ५० टक्के सवलत आहे. राजधानी-शताब्दीच्या थ्री एसी आणि चेअर कारमध्ये २५ टक्के. सोबतच्या एका व्यक्तीलाही तेवढीच. त्यासाठी रेल्वेचं सवलतीचं ओळखपत्र आधी काढावं लागतं, म्हणून ते काम पहिल्याच आठवड्यात घ्या. आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी उघडतं.

विमानाला निदान ४८ तास आधी कळवा आणि योग्य कोड सांगा. जिना चढता येतो पण लांब चालवत नाही: डब्ल्यूसीएचआर. जिना चढता येत नाही: डब्ल्यूसीएचएस. सीटपर्यंतही उचलून किंवा अरुंद खुर्चीवरून न्यावं लागतं: डब्ल्यूसीएचसी. पहिला कोड लागला आणि गरज तिसऱ्याची असेल, तर विमानाच्या दाराशी अरुंद खुर्ची नसते आणि सगळं तिथेच अडतं. स्वतःची खुर्ची विमानाच्या दारापर्यंत न्यायचा आग्रह धरा. गादी आणि सुटणाऱ्या पायफळ्या केबिनमध्ये ठेवा आणि खुर्ची देण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. बॅटरीच्या खुर्चीसाठी बॅटरीचा प्रकार आणि वॉट-अवर (बॅटरीत किती वीज साठते याचं माप) लेखी कळवा. काढता येणारी लिथियम बॅटरी केबिनमध्ये न्यायची तर मर्यादा ३०० वॉट-अवरची आहे. दोन असतील तर प्रत्येकी १६०.

विमा: कशाचा आणि कधी

देशात फिरताना दवाखान्याचा खर्च तुमची नेहमीची आरोग्य पॉलिसी उचलते, राज्य बदललं तरी. म्हणून देशांतर्गत प्रवास विमा घेताना बाकीचं बघा: सहल रद्द झाल्यास परतावा, हुकलेलं विमान, सामान, आणि रुग्णाला मुंबईपर्यंत आणण्याचा खर्च. हा शेवटचा मुद्दा आमच्या मते सगळ्यात मोलाचा. मणक्याची दुखापत असलेल्या माणसाला आजारपणात साध्या गाडीतून रत्नागिरीहून आणता येत नाही.

पहिली रक्कम भरली त्याच दिवशी पॉलिसी घ्या, कारण सहल रद्द झाल्याची भरपाई पॉलिसी घेतल्यानंतर उद्भवलेल्या कारणासाठीच मिळते. अर्जात अपंगत्व, मधुमेह, रक्तदाब, आधीची शस्त्रक्रिया सगळं लिहा. एजंट ‘हे नाही लिहिलं तरी चालतं’ म्हणाला तरी लिहा, लपवलेली माहिती हेच दावा नाकारण्याचं नेहमीचं कारण. आधीपासूनच्या आजारासाठी अनेक पॉलिसी फक्त जिवावरचा प्रसंग धरतात. ती अट पॉलिसीत शोधा. व्हीलचेअर ‘सामान’ म्हणून धरली असेल तर एका वस्तूची मर्यादा किती ते बघा. लाखाच्या बॅटरी खुर्चीला ती मर्यादा पुरत नाही, मग तिचा वेगळा विमा घ्यावा. तारकर्लीला स्कूबा किंवा कामशेतला पॅराग्लायडिंग करायचं असेल तर साहसी खेळ वगळलेत का तेही तपासा. युरोपातल्या शेंगेन देशांच्या व्हिसासाठी निदान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण सक्तीचं आहे.

रेल्वेच्या ऑनलाइन तिकिटावरचा ४५ पैशांचा विमा जरूर घ्या. मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला १० लाख, दवाखान्यासाठी २ लाखांपर्यंत. मात्र त्यानंतर येणाऱ्या लिंकवर वारसाचं नाव भरायचं बहुतेक जण विसरतात. सेल्फ-ड्राइव्ह कंपनीचं ‘डॅमेज प्रोटेक्शन’ हा विमा नव्हे. टायर, गाडीचा खालचा भाग, हरवलेली किल्ली त्यातून सहसा वगळलेलं असतं.

काही घडलं तर दावा कागदावर उभा राहतो. खुर्ची विमानातून मोडून आली तर विमानतळाबाहेर पडण्याआधी विमान कंपनीच्या काउंटरवर पीआयआर (सामान मोडल्याची किंवा हरवल्याची नोंद) लिहून घ्या. गाडीच्या अपघातात पोलिसात नोंद आणि पाटीसह फोटो. दवाखान्यात तातडीने दाखल झालात तर २४ तासांत विमा कंपनीला फोन. रुग्णवाहिकेला १०८, राष्ट्रीय महामार्गावर मदतीला १०३३.

निघण्याच्या आदल्या दिवशी

खुर्चीच्या चाकांत हवा भरा, एक जादा ट्यूब आणि अ‍ॅलन कीचा संच पिशवीत टाका. बॅटरीची खुर्ची असेल तर लांब वायरचा एक्स्टेंशन बोर्डही. औषधं दोन पिशव्यांत वाटून ठेवा. बसून बसून जखमा होऊ नयेत म्हणून दर अर्ध्या तासाला अंग उचलायचं किंवा बाजूला झुकायचं, त्यासाठी मोबाइलवर गजर लावा. स्वच्छतागृहाचे थांबे आधीच ठरवा. थांब्यावर एकाने पुढे जाऊन दार आणि पायरी बघून यावी, मगच खुर्ची उतरवावी.

आणि सोसायटीच्या वॉचमनला सांगून ठेवा. रॅम्प उघडायला व्हॅनच्या मागे आठ-दहा फूट मोकळी जागा लागते. सकाळी सहाला तिथे कुणाची स्कूटर उभी असेल तर तिचा मालक कोण हे शोधण्यातच अर्धा तास जाईल. जागा रात्रीच दोन कुंड्या ठेवून अडवा.