2012च्या मॅक मिनीवर सिकोया चढवताना

माझ्या टेबलावरचा मॅक मिनी, म्हणजे ॲपलचा छोटा डेस्कटॉप संगणक, 2012च्या अखेरच्या मॉडेलचा आहे. ॲपलच्या लेखी त्याची वाट कॅटालिनापाशी, म्हणजे मॅकओएस 10.15 ला संपली. यंत्र मात्र ठणठणीत आहे. सध्या त्यावर सिकोया, म्हणजे मॅकओएसची 2024ची आवृत्ती, चालतं आणि हा मजकूरही मी त्याच्यावरच टाइप करते आहे. हे जमतं ‘ओपनकोअर लेगसी पॅचर’ या मोफत प्रोग्रॅममुळे.

पण आधी स्क्रूड्रायव्हर हातात घ्या. जुनी फिरती हार्ड डिस्क तशीच ठेवून नवी सिस्टम टाकण्यात अर्थ नाही; तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा. एपीएफएस ही ॲपलची फाइल साठवण्याची पद्धत एसएसडी डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली आहे. फिरत्या डिस्कवर साधं फोल्डर उघडायलाही ताटकळावं लागतं. मिनी उलटा करून खालचं गोल काळं झाकण दोन्ही अंगठ्यांनी घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. ठिपके जुळले की ते सुटतं. रॅम समोरच दिसते, तिथे 16 जीबीपर्यंत जाता येतं. डिस्कपर्यंत पोहोचायला पंखा काढावा लागतो: टी6 टॉर्क्सचे (चांदणीच्या आकाराच्या खाचेचे) तीन स्क्रू. पंख्याची वायर ओढू नका, तिचा कनेक्टर सरळ वर उचलला जातो. मागची जाळीची प्लेट म्हणजे वायफायचा अँटेना. ती बाहेर घेताना आतून एक बारीक वायर ताणली जाते, तिचं टोक प्लास्टिकच्या पट्टीने अलगद सोडवा. सगळ्या कामात नाजूक जागा ही एकच आहे.

टाइम मशीनचा बॅकअप झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता 32 जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या. त्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे. पॅचरमधलं ‘क्रिएट मॅकओएस इन्स्टॉलर’ सिकोया उतरवून पेन ड्राइव्हवर घालतं. त्यानंतर ‘बिल्ड अँड इन्स्टॉल ओपनकोअर’ करून तोच ड्राइव्ह निवडा. ओपनकोअर म्हणजे मॅकओएसच्या आधी सुरू होऊन ती जुन्या मॅकवर चालू करणारा छोटा प्रोग्रॅम. पेन ड्राइव्ह दुसऱ्या मॅकवर बनवत असाल तर सेटिंग्जमध्ये जाऊन मॉडेल हाताने निवडा, नाहीतर पॅचर त्या दुसऱ्या मॅकसाठीच ओपनकोअर बांधतो. या मिनीचं नाव तिथे ‘मॅकमिनी6,1’ किंवा ‘6,2’ असं दिसेल.

मिनी सुरू करताना ऑप्शन की दाबून धरा. विंडोजचा वायरवाला कीबोर्ड असेल तर तिथे ती ऑल्ट असते. आधी ‘ईएफआय बूट’, मग इन्स्टॉलर. डिस्क युटिलिटीत ‘शो ऑल डिव्हाइसेस’ करून अख्खी एसएसडी एपीएफएस आणि जीयूआयडी हे पर्याय निवडून पुसा. इन्स्टॉल होताना मिनी तीन-चार वेळा रीस्टार्ट होतो आणि उरलेली मिनिटं मधेच गोठल्यासारखी वाटतात. त्या वेळी बटण दाबून बंद करू नका. मशीन फिरून फिरून पहिल्याच स्क्रीनवर येत असेल, तर यादीत ‘मॅकओएस इन्स्टॉलर’ नावाची नोंद शोधून ती निवडा.

डेस्कटॉप आला की जीव भांड्यात पडतो, पण तेव्हा सगळं अडखळत चालतं: खिडक्या ओढताना फरफटतात, डॉकची पारदर्शकता गायब असते. आतल्या एचडी 4000 ग्राफिक्सचे ड्रायव्हर ॲपलने मॅकओएसच्या मॉन्टेरे आवृत्तीपासून काढले आहेत. वायफायही नसतं. माझं काम इथेच एक दिवस अडलं. पॅचरमधला ‘पोस्ट-इन्स्टॉल रूट पॅच’ चालवला की हे दोन्ही परत येतं, पण त्या पॅचला काही फाइल इंटरनेटवरून लागतात आणि वायफाय तर पॅचनंतरच मिळणार! इथरनेटची केबल आधीच लावून ठेवा. पॅच, रीस्टार्ट, आणि खिडक्या सुळसुळत सरकतात. शेवटी ओपनकोअर आतल्या एसएसडीवरही घाला, म्हणजे पेन ड्राइव्ह काढता येतो.

यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. 2022च्या व्हेंचुरापासून ॲपलने गृहीत धरलं की प्रत्येक इंटेल मॅकच्या प्रोसेसरला एव्हीएक्स2 नावाच्या सूचना कळतात. आमच्या मिनीतल्या आयव्ही ब्रिज प्रोसेसरला त्या कळत नाहीत. पण तेव्हा ॲपलच्या नव्या चिपवर इंटेलचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या रोझेटालाही त्या कळत नव्हत्या, म्हणून ॲपलने एव्हीएक्स2 नसलेल्या लायब्ररी, म्हणजे सिस्टमच्या सामायिक फाइल, वेगळ्या ठेवल्या होत्या. पॅचर त्याच आपल्या मिनीला देतो. एखाद्या ॲप्लिकेशनलाच एव्हीएक्स2 हवं असेल, तर ते मात्र उघडताच बंद पडतं.

2010 किंवा त्याआधीचा मिनी असेल तर आणखी एक अडचण येते: इन्स्टॉलरमध्ये कीबोर्ड आणि माउस दाद देत नाहीत. ते यूएसबी 2.0 हबमधून जोडा.

ऑटोमॅटिक अपडेट पहिल्याच दिवशी बंद करा. पॅचसाठी सिस्टमचं सील मोडावं लागतं, सिस्टमच्या फाइल कुणी बदलू नयेत म्हणून असलेली एसआयपीची सुरक्षाही थोडी सैल होते. म्हणून अपडेट छोटं असलं तरी डाउनलोड अख्ख्या सिस्टमचंच होतं, आणि ते झालं की रूट पॅच पुसले जातात. माझा क्रम ठरलेला आहे: बॅकअप, पॅचरची नवी आवृत्ती, नव्याने ओपनकोअर, मग ॲपलचा अपडेट, लगेच रूट पॅच. केबल मी आता काढतच नाही.