युद्ध, बँक आणि प्लॉट: अमेरिकन वेटरनचं (माजी सैनिकाचं) आयुष्य कागदांतून कसं शोधायचं

दुसऱ्या महायुद्धातून परत आलेला, मग बँकेत वर चढत गेलेला आणि शेवटी कॉलन्या उभ्या करणारा माणूस, असे लोक अमेरिकेत बऱ्याच गावांत होऊन गेले. त्यांच्यावर लिहायचं म्हटलं की बहुतेक जण मृत्युलेख शोधतात आणि तोच फिरवून लिहितात. माझं स्पष्ट मत आहे, मृत्युलेख सगळ्यात शेवटी वाचा. त्यात पदकं असतात, पदं असतात, पण पैसा कुठून आला ते नसतं आणि खरी गोष्ट तर तीच आहे.

आधी सैन्याचं बघू. सर्व्हिस फाइल सेंट लुईसच्या नॅशनल पर्सोनेल रेकॉर्ड्स सेंटरमधून मागवायची, सैन्यातून सुटून ६२ वर्षं झाली असतील तर कोणालाही मागता येते. अडचण एकच, १२ जुलै १९७३ ला तिथे आग लागली आणि १ नोव्हेंबर १९१२ ते १ जानेवारी १९६० या काळात सुटलेल्या आर्मीवाल्यांच्या जवळपास ८० टक्के फायली गेल्या. म्हणून 'फाइल नाही' असं उत्तर आलं तरी सोडू नका. खूप जणांनी घरी आल्यावर डिस्चार्जचा कागद काउंटीच्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या) ऑफिसात नोंदवून ठेवला होता, तिथे विचारा, फक्त काही राज्यांत तो घरच्यांनाच देतात. त्या कागदावर युद्धाआधी काय काम करायचा, कुठल्या मोहिमांत होता, जखमी झाला का, सगळं असतं.

बँकेचा भाग त्यामानाने सोपा. जुन्या सिटी डिरेक्टऱ्या, म्हणजे शहरातल्या लोकांची नावं आणि कामधंदे देणारी पुस्तकं, वर्षावार लावा, नावापुढे आधी टेलर (काउंटरवरचा कारकून), मग कॅशियर (तिथे हा वरचा अधिकारी), मग व्हाइस प्रेसिडेंट असं चढताना दिसतं. १९५० ची जनगणना १ एप्रिल २०२२ पासून खुली आहे, तीही बघा. बँकेचं नाव बदललं असेल किंवा ती दुसरीत विलीन झाली असेल तर एफडीआयसीच्या (बँकठेवींचा विमा उतरवणारी सरकारी संस्था) बँकफाइंड या वेबसाइटवर माग लागतो.

आता जमीन, आणि इथे जितका वेळ द्याल तितका कमीच! काउंटी रेकॉर्डरकडे, म्हणजे जमिनीचे दस्त नोंदवणाऱ्या ऑफिसात, घेणाऱ्यांची आणि देणाऱ्यांची अशा दोन्ही याद्या असतात, त्यात त्याचं नाव शोधा, बायकोचं शोधा आणि कंपनीचंही शोधा कारण मोठे व्यवहार बऱ्याचदा कंपनीच्या नावावरच असतात. कंपनीत कोण कोण होतं ते राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडच्या (कंपन्यांची नोंद ठेवणारं ऑफिस) नोंदणीत बघा. मग प्रत्येक खरेदीखताशेजारी गहाणखत ठेवा आणि कर्ज कोणी दिलं ते वाचा. त्याचीच बँक निघाली तर दोन धंदे कुठे जुळले ते तारखेसकट हातात आलं. २२ जून १९४४ ला जीआय बिलावर, म्हणजे परतलेल्या सैनिकांना सवलती देणाऱ्या कायद्यावर, सही झाली, त्यातून सैनिकांच्या घरकर्जाच्या काही भागाला सरकारी हमी मिळाली, पैसे मात्र बँका आणि इतर सावकार संस्थांचेच असायचे. म्हणजे जो स्वतः वेटरन, कर्ज देणारा आणि प्लॉट विकणाराही, त्याला गिऱ्हाईक कुठून येणार हे आधीच माहीत होतं.

कॉलनीचा नकाशा, म्हणजे प्लॅट, नक्की काढा. रस्त्यांची नावं वाचा, कधी कधी घरातल्यांचीच नावं असतात. त्यासोबत नोंदवलेल्या अटीसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचा, कारण त्या काळच्या कित्येक कॉलन्यांत काळ्या लोकांना घर विकायचं नाही असं चक्क लिहिलेलं सापडतं. १९४८ मध्ये शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अशा अटी कोर्टातून अमलात आणता येणार नाहीत, घरविक्रीतला वंशभेद कायद्याने बंद व्हायला मात्र १९६८ उजाडलं. तुमच्या माणसाच्या कॉलनीत अशी अट निघाली तर ती कधी नोंदवली आणि खाली सही कोणाची होती ते चरित्रात लिहाच, घरच्यांना आवडो न आवडो. आणि अट आधीच्या जमीनमालकाने घातली असेल तर तेही तितकंच स्पष्ट लिहा.