एडिटर नुसता उघडा, तरी सीपीयू उसळतो? शोध घेताना या चुका टाळा

कोड लिहिणं थांबवून तुम्ही काहीतरी वाचत बसलेले असता. कीबोर्डला हात नाही, बिल्ड चालू नाही, टेस्ट चालू नाहीत. तेवढ्यात लॅपटॉपचा पंखा जोरात फिरू लागतो. टास्क मॅनेजर उघडेपर्यंत सगळं शांत, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. सीपीयू सतत खाणारा प्रोग्राम पकडणं सोपं असतं. हा येऊन-जाऊन होणारा त्रास मात्र आठवडेच्या आठवडे चालतो, आणि त्याचं मुख्य कारण असं की शोध सुरू होण्याआधी आपणच पुरावा पुसून टाकतो.

आधी रिस्टार्ट, मग विचार

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. एडिटर बंद करून पुन्हा उघडला की अडकलेला थ्रेड (प्रोग्रामच्या आत स्वतंत्रपणे चालणारं एक काम), भरलेली मेमरी, चालू असलेलं चक्र सगळं जातं आणि दोन दिवसांनी गाडी मूळपदावर येते. कॅशे, म्हणजे एडिटरने साठवून ठेवलेली तयार माहिती, उडवणं तर त्याहून वाईट. इंटेलिजे या एडिटरमध्ये कॅशे इनव्हॅलिडेट (रद्द) केला की पूर्ण प्रोजेक्टचं इंडेक्सिंग, म्हणजे कोडची शोधसूची बनवणं, नव्याने सुरू होतं. म्हणजे पुढचा बराच वेळ सीपीयू वरच राहणार, आणि तो जुन्या दुखण्यामुळे की नव्या इंडेक्सिंगमुळे, हे कळायला मार्ग उरत नाही.

त्याऐवजी एडिटर तसाच उघडा ठेवा आणि अर्धा तास नोंद घ्या. लिनक्सवर पिडस्टॅट ही प्रत्येक प्रोसेसचा सीपीयू मोजणारी कमांड दर पाच सेकंदांनी चालवून आउटपुट फाइलमध्ये घ्या. विंडोजवर परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये काउंटरचा (मोजलेल्या आकड्यांचा) लॉग लावून ठेवा. आपण डोळे लावून बसायचं नाही, लॉग बसेल. मग उसळींच्या वेळा एकाखाली एक लिहून काढा.

या वेळाच निम्मं उत्तर देतात. बरोबर तीन मिनिटांचं अंतर दिसलं, तर व्हीएस कोड या एडिटरमधलं गिटचं ऑटोफेच (सर्व्हरवरचे नवे बदल आपोआप आणणं) चालू आहे का ते बघा. चालू केल्यास त्याचा ठरलेला कालावधी १८० सेकंदांचा असतो. अंतर ठरलेलं नसेल, तर एखादी फाइल बदलतेय असं समजून शोधा. आणि विंडो समोर असतानाच सीपीयू वर जात असेल, दुसऱ्या विंडोवर गेल्यावर लगेच खाली येत असेल, तर संशय स्क्रीनवर काहीतरी रंगवण्याच्या कामावर घ्या. २०१७ मध्ये व्हीएस कोडमध्ये नेमकं हेच सापडलं होतं. कर्सर दर अर्ध्या सेकंदाला लुकलुकायचा, पण आतलं क्रोमियम हे ब्राउझरचं इंजिन त्यासाठी सेकंदाला ६० वेळा काम करत होतं. नुसत्या लुकलुकण्याने काही मशीनवर १३ टक्क्यांच्या आसपास सीपीयू जात होता. दुरुस्ती येईपर्यंत लोकांनी कर्सर स्थिर ठेवून काम भागवलं.

टक्के वाचताना होणारी फसगत

‘तेरा टक्केच तर आहेत’ म्हणून सोडून देऊ नका. आठ लॉजिकल कोअरच्या मशीनवर टास्क मॅनेजरमधले १२.५ टक्के म्हणजे एक अख्खा कोअर. एखादा थ्रेड लूपमध्ये अडकला की हाच आकडा दिसतो. उलट मॅकचा अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटर आणि लिनक्सवरचा टॉप एका कोअरला १०० टक्के धरतात, त्यामुळे तिथे ३०० बघून घाबरायचं कारण नाही. आधी कोअर मोजा, मग आकडा वाचा.

प्रोसेसच्या नावावर थांबणं

‘जावा सीपीयू खातंय’ हे निदान नव्हे. त्या प्रोसेसमधला कोणता थ्रेड, हे हवं. जावावर चालणाऱ्या आयडीईसाठी (इंटेलिजेसारख्या एडिटरसाठी) जेस्टॅक या कमांडने थ्रेड डंप, म्हणजे त्या क्षणी कोणता थ्रेड काय करतोय याची यादी, घ्यायचा, पण एकच घेऊन उपयोग नाही. पाच-पाच सेकंदांच्या अंतराने तीन घ्या. जेडीके (जावाचा टूलसंच) ११ पासून डंपमध्ये प्रत्येक थ्रेडपुढे त्याने आतापर्यंत वापरलेला सीपीयूचा वेळ छापलेला असतो. पहिल्या आणि तिसऱ्या डंपमध्ये हा वेळ ज्याचा सर्वांत जास्त वाढला, तोच तुमचा थ्रेड. त्याच्या खालचा स्टॅक (चालू असलेल्या फंक्शनांची यादी) वाचला की प्लगइनचं नाव बहुधा दिसतंच. तो थ्रेड गार्बेज कलेक्शनचा (नको असलेली मेमरी मोकळी करण्याचा) निघाला तर दोष प्लगइनच्या लूपचा नाही, हीप, म्हणजे प्रोग्रामला दिलेली मेमरी, काठोकाठ भरलाय. कमाल मेमरी वाढवून बघा, आणि वाढवूनही काही तासांत तेच झालं तर कुठेतरी मेमरी गळतेय.

व्हीएस कोडच्या हेल्प मेनूतच त्याचा स्वतःचा प्रोसेस एक्सप्लोरर आहे. तिथे एक्स्टेंशन होस्ट, म्हणजे एक्स्टेंशन (जोड-प्रोग्राम) चालवणारी प्रोसेस, वर दिसला तरी गुन्हेगार कळत नाही, कारण तुमची बरीचशी एक्स्टेंशन त्या एकाच प्रोसेसमध्ये राहतात. मग व्हीएस कोडमधलंच एक्स्टेंशन बायसेक्ट वापरा. ते निम्मी एक्स्टेंशन बंद करतं आणि त्रास आहे का विचारतं. ४० एक्स्टेंशन असली तरी सहाएक फेऱ्यांत नाव हाती येतं. इथे फार जण घाई करतात. उसळी दहा मिनिटांनी येत असेल आणि तुम्ही दोन मिनिटं बघून ‘त्रास नाही’ म्हणालात, तर बायसेक्ट निरपराध एक्स्टेंशनचं नाव सांगणार. प्रत्येक फेरीत उसळीच्या अंतराच्या निदान तिप्पट वेळ थांबा. कंटाळवाणं आहे, पण याला पर्याय नाही.

एडिटरच्या बाहेर न बघणं

अँटिव्हायरसची प्रोसेस एडिटरच्या बरोबरीने वर जात असेल, तर ती लिहिल्या जाणाऱ्या फाइली तपासतेय. सगळा प्रोजेक्ट तिच्या नजरेआड करू नका. फार तर बिल्डचं आउटपुट फोल्डर वगळा. कोड नेटवर्क ड्राइव्हवर असेल तर फाइल बदलल्याची सूचना नीट पोचत नाही आणि काही टूल ठरावीक वेळाने सगळ्या फाइली तपासत बसतात. फाइली वाढल्या की हा भारही वाढतो.

माझ्याकडचं प्रकरण या दोन्हींत बसत नव्हतं. लॉगमध्ये लँग्वेज सर्व्हर (एडिटरसाठी कोड तपासून चुका आणि सूचना देणारा प्रोग्राम) दर चार मिनिटांनी वीसेक सेकंद उसळत होता, आणि मी दोन आठवडे सर्व्हरलाच दोष देत होतो. शेवटी उसळी संपल्या-संपल्या प्रोजेक्टमध्ये गेल्या पाच मिनिटांत बदललेल्या फाइली शोधल्या. एकच निघाली, एका लपलेल्या फोल्डरमध्ये. एक एक्स्टेंशन आपला अहवाल तिथे दर चार मिनिटांनी नव्याने लिहीत होतं, मजकूर अक्षरशः तोच. फाइल वॉचरला (फाइली बदलतात का यावर लक्ष ठेवणाऱ्या भागाला) मात्र तो बदलच वाटायचा. मग वॉचर सर्व्हरला उठवायचा आणि सर्व्हर सगळा प्रोजेक्ट पुन्हा तपासायचा. ते फोल्डर वॉचरच्या वगळायच्या यादीत टाकलं, तेवढी एक ओळ पुरली. पुन्हा अर्धा तास लॉग चालवला, उसळी आली नाही. मग जुना लॉग, नवा लॉग आणि त्या फाइलचा मार्ग जोडून एक्स्टेंशन बनवणाऱ्याला कळवलं. पुढच्या आवृत्तीत मजकूर बदलला असेल तरच फाइल लिहिली जाऊ लागली.